काळी चारचा मासा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. लग्नात, बारशात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात माझ्या साडूचा विषय निघाला की लोक हसायच्या तयारीनेच सरसावून बसत, आणि मीही त्यांना हसवून मोकळा होत असे. त्याचे किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत. पण प्रत्येक वेळी मी एका ठरावीक जागी येऊन थांबायचो, आणि पुढचं कुणी विचारू नये म्हणून चहा मागवायचो. आता मी बहात्तर वर्षांचा आहे. साडूला जाऊन दुसरं वर्ष लागलं. चहा किती वेळा मागवणार?

तर पहिलं विधान हे, आणि ते मी शपथेवर करायला तयार आहे: शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके पालथे घातले असते, तरी माझ्या साडूइतका तयार कान दुसऱ्या कुणाच्या डोक्याला लावलेला सापडला नसता. तो मुरबाडला एसटी स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा. या दोन्ही कामांत तो फरक करत नसे. बिघडलेला टेबलफॅन कुणी आणला की तो स्क्रू काढण्याआधी पंखा चालू करून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "पांढरी दोनला पायजे, अर्धी पट्टी उतरलाय. बुश गेलाय." आणि बुशच गेलेला असायचा. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी तो मांडवामागे जाऊन जनरेटरवाल्याला म्हणाला, "दादा, तुझं मशीन सुरातनं घसरतंय, बघ जरा." जनरेटरवाल्याने त्याला हाकलून दिलं. दहा मिनिटांनी मांडवात अंधार झाला आणि वरपक्षाच्या चार लोकांनी साडूलाच धरलं, याचीच नजर लागली म्हणून. तो बिचारा कोट झटकत मला म्हणाला, "सर, मशीन मरताना सांगून मरतंय. ऐकत कोण नाय, त्याला मी काय करू?"

तो मला सर म्हणायचा. नात्याने आम्ही साडू, आमच्या बायका सख्ख्या बहिणी. पण मी शहापूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-सर. ही सोय मला आवडत असे, हे आज लिहून टाकतो.

माणसांनाही तो पट्टी लावायचा. माझी बायको पांढरी चार. गावचा पोस्टमन काळी एक. मला मात्र त्याने कधी पट्टी दिली नाही. मी फारच खनपटीला बसलो तेव्हा म्हणाला, "तुमी दोन पट्ट्यांच्या मधले हाव, सर. तुमच्यासाठी पेटीत जागाच नाय." मी ते कौतुक समजलो. माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, आल्यागेल्याला एकच तक्रार सांगायची. "भावजी, हा माणूस मला बघायला आला, तवा पोरीला सैपाक येतो का, शिवण येतं का, ह्यातलं कायबी नाय विचारलं. आईला बोलला, जरा पोरीला हाक मारायला लावा कुणाला तरी. मी बाहेर उभ्या म्हशीला हाक मारली नि ह्यानं आतनं व्हय सांगितलं!"

"म्हशीनं बघितलं न्हवतं तुझ्याकडं," साडू म्हणायचा, "मी बघितलं. उपकार मान गो."

मासे त्याच्या आयुष्यात आले ते एका फार्महाऊसमधून. मुरबाडकडे मुंबईच्या लोकांनी फार्महाऊसं बांधली, तशा तिथल्या वस्तू बिघडून साडूकडे येऊ लागल्या. एका बंगल्यात भला मोठा ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला तो गेला होता. शेजारी काचेची टाकी, टाकीत दोन काळेकुळकुळीत मासे. मासा कसला, पात्यासारखा चपटा काळा पट्टा, शेपटीला दोन पांढरी कडी, आणि पुढे जातो तितक्याच सहज मागेही जाणारा. मासे विकणाऱ्या दुकानांत त्याला घोस्ट म्हणतात. साडू ॲम्प्लिफायर चालू ठेवून काहीतरी शोधत असताना इनपुटची सुटी वायर हातातून निसटली आणि टाकीत पडली. स्पीकरमधून एक लांबलचक, सरळ, न तुटणारा सूर बाहेर आला. दुसऱ्या कुणी घाबरून प्लग काढला असता. साडूने डोळे मिटले.

"विजेच्या तारेची घरघर मी पोटातनं ओळखतो, सर," तो मला नंतर सांगत होता. "तीस वर्सं तिच्याबरोबर संसार केलाय. ही ती बाई नाय. ही दुसरी कोण तरी हाय." त्याने वायर हलवली. मासा वायरजवळ आला की सूर मोठा व्हायचा, लांब गेला की बारीक. पट्टी मात्र तीच: काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, वरच्या सप्तकातली. दुसरा मासा पांढरी सातात. बंगल्याचा मालक टाकी साफ करण्याला कंटाळला होताच. महिन्याभरात टाकी, पाणी गरम ठेवणारी नळी आणि दोन्ही मासे साडूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आले.

मोठ्या मादीचं नाव त्याने मावशी ठेवलं. दुसरा नर दिवसभर प्लास्टिकच्या पाइपात लपून राहायचा, म्हणून तो ग्रामसेवक. टाकीत दोन तारा, तारा जुन्या रेडिओच्या ॲम्प्लिफायरला, आणि सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत मावशी-ग्रामसेवकांचं गाणं. गिऱ्हाइकं बिचकली. एक बाई दुरुस्त झालेला मिक्सर घ्यायला तयार होईना, त्यात माशाचा करंट उतरला असेल म्हणून. साडूने कोपरापर्यंत हात टाकीत बुडवून दाखवला. "अगं बाय, करंट इतका बारीक हाय, मुंगीला गुदगुल्या नाय व्हनार." शेजारचा पानवाला म्हणे, हा सगळा लाईनच्या विजेचा आवाज आहे, याला माशांचं नाव लावतो. मग एके दुपारी नेहमीप्रमाणे लाईट गेली. बाजारातले पंखे, टीव्ही, पिठाची गिरणी सगळं गप्प झालं. साडूचा ॲम्प्लिफायर बॅटरीवर होता. त्या शांततेत एकच आवाज उरला, काळी चार. पानवाला दुकान सोडून आत आला आणि टाकीसमोर चपला काढून उभा राहिला. साडूच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा विजय, आणि त्याला साक्षीदार फक्त एक पानवाला.

त्याने वही घातली. मावशीचा सूर, ग्रामसेवकाचा सूर, कोण कुणाजवळ गेलं, तेव्हा काय झालं. दोघं समोरासमोर आली की ग्रामसेवक मधेच चिमटा काढल्यासारखं 'टिर्र' करतो. दोघांचे सूर फार जवळ आले की एक जरा वर सरकतो, कारण एकाच पट्टीत दोघं राहिले तर कुणालाच आपलं आपल्याला कळत नाही. हे त्याने कल्याणहून आणखी एक मासा उसना आणून, त्याला टाकीत सोडून, चार-पाच वेळा पारखून घेतलं होतं. "एवढी रीत माशांना हाय," तो म्हणायचा. "आमच्या मंडळात दोघं एका पट्टीत आले की दोघं जास्त ओरडतात."

फार्महाऊसवाल्याची एक भाची प्राणिशास्त्र शिकत होती. तिने ही वही पाहिली आणि पुढच्या खेपेला एक इंग्रजी लेख छापून आणून दिला. साडूने लगोलग शहापूरची गाडी पकडली. मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत तो दुपारी शहापूरजवळच्या सापगावला माझ्या घरी आला आणि लेख माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "सर, वाचा. माझ्या माशांचं लिवलंय म्हने."

ती दुपार आमच्या नात्यातली सगळ्यात चांगली दुपार. मी वाचत होतो, मराठीत सांगत होतो, आणि तो ओसरीवर मांडी घालून मान डोलवत ऐकत होता. हे सगळं जगातल्या शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे, हे मी आधी सांगितलं. वाटलं, हिरमुसेल. तर तो खुलला. "म्हंजे आनखी कुनाला तरी ऐकू येतंय! बरं झालं. येडा मी एकटा नाय."

लेखात लिहिलं होतं की या माशांनी वीज सोडायला सुरुवात केली ती बोलण्यासाठी नव्हे. गढूळ नदी, अंधार, डोळ्यांचा उपयोग नाही. मासा स्वतःभोवती बारीकशी वीज पसरवतो आणि ती कुठे अडते, कुठे वाकते, यावरून समोर दगड आहे की किडा हे ओळखतो. "आंधळा काठी टेकत जातो तसं," मी म्हणालो. साडूने लगेच पुढचं पाऊल टाकलं. "आनि काठीचा आवाज ऐकून बाकीच्यांना कळतं, कोन येतोय ते!" लेखात नेमकं हेच होतं, फक्त अडीच पानांत. चाचपडण्यासाठी सोडलेली वीज शेजाऱ्याला ऐकू जाऊ लागली, मग हळूहळू, हजारो पिढ्यांत, तिच्यात ओळख आली, धमकी आली, लग्नाची मागणी आली. मग पंचाईत अशी की त्याच नद्यांत काही मोठे शिकारी मासे आहेत, त्यांनाही वीज जाणवते. आवाज जितका जाड, म्हणजे खर्जातला, तितका त्यांना लवकर कळतो. म्हणून ज्यांच्या विजेतला जाड भाग पुसला गेला, ते वाचले. पण काही जातींच्या माद्यांना नराचा जाड, लांब आवाजच आवडतो.

"म्हंजे बायकोच्या पसंतीला उतरायचं तर जिवावर बेतनार," साडू म्हणाला. "मुरबाडात पन हेच चालतं, सर." मग विचारलं, "आनि जे भीतीनं पार गप्पच झाले, त्यांचं काय झालं?"

मी पानं उलटली. "तसं काही लिहिलेलं नाही."

"आंधळे झाले असतील," तो म्हणाला. "आवाज बंद म्हंजे दिसनं पन बंद."

शेवटून दुसरा परिच्छेद उरला होता. त्यात आकडे होते, एक आलेख होता. बायको दोनदा दारात येऊन पानं वाढल्याचं सांगून गेली होती. मी लेखाची घडी घातली आणि म्हणालो, "पुढे नुसती आकडेमोड आहे. तुझ्या कामाचं नाही." त्याने विश्वास ठेवला. सरांनी सांगितलं म्हणजे नसणारच. लेखही माझ्याकडेच ठेवून गेला, त्याच्याकडे उंदीर फार म्हणून.

त्याच वर्षी मी निवृत्त होणार होतो. डिसेंबरात शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, त्याच कार्यक्रमात माझा सत्कार ठरला होता. संस्थेचे अध्यक्ष येणार होते, एक निवृत्त मोठे अधिकारी प्रमुख पाहुणे होते. मला वाटलं, शेवटचं प्रदर्शन आहे, काहीतरी लोकांच्या लक्षात राहील असं करावं. मीच साडूला बोलावलं. हे नीट नोंदवून ठेवतो: तो स्वतःहून आला नव्हता.

आदल्या दिवशी त्याने टेम्पोवाल्याच्या ओळखीने दोन मोठे कॅन पाणी पाठवलं. सोबत चिठ्ठी: हे माझ्या टाकीतलं पाणी आहे, टबात हेच घाला, सकाळी उन्हात ठेवा. मी कॅनचं झाकण उघडलं. आत चहासारखं तांबूस पाणी. तो टाकीत बदामाची वाळलेली पानं टाकायचा, माशांना मानवतात म्हणून, त्याचा तो रंग. मला अध्यक्ष दिसू लागले, पाहुण्यांचे पांढरे कपडे दिसू लागले आणि व्यासपीठासमोर काचेच्या टबात हे गटारासारखं पाणी दिसू लागलं. पाहुणे यायचे तर आपण अंगण सारवतो, पडदे धुतो. मी तेच केलं. सकाळी शिपायाला हाताशी घेऊन दोन्ही कॅन मी बागेतल्या जास्वंदीला ओतले आणि टब विहिरीच्या पाण्याने भरला. लख्ख, आरपार, पाहून समाधान व्हावं असं पाणी. डिसेंबरची सकाळ होती. बादली उचलताना माझी बोटं गारठली, हेही मला आठवतं.

साडू आला तो इस्त्रीच्या सदऱ्यात, दुधाची किटली गोधडीत गुंडाळून कडेवर घेऊन. एसटीत कंडक्टरने किटलीचं तिकीट मागितलं होतं म्हणे. "मी बोललो, दूध नाय, कलाकार हायत. दोघं हाफ तिकिटात बसतात." टब पाहून तो थबकला.

"पानी बदललं?"

"स्वच्छ केलं. पाहुणे आहेत."

त्याने हात घालून पाहिला. "वाईच गार लागतंय."

"अरे, माशाला पाणी ते पाणी."

"तुमी केलं म्हंजे बरोबर असंल," तो म्हणाला, आणि एकेक पेला टबातलं पाणी किटलीत मिसळत, बाळाला आंघोळ घालावी तसे हळूहळू दोन्ही मासे त्याने टबात सोडले.

मग स्वागत, हार, प्रास्ताविक. त्याच्या स्पीकरमुळे माईकला घूं घूं येते म्हणून तो मी बंद ठेवायला लावला होता. पाऊण तास मासे त्या पाण्यात होते आणि तो त्यांना ऐकू शकत नव्हता. शेवटी त्याचं नाव पुकारलं. तो व्यासपीठावर चढला, फळ्याजवळ गेला आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: मावशी काळी चार, ग्रामसेवक पांढरी सात. "आधी लिवून ठेवतो," तो म्हणाला, "मंग कोन बोलायला नको. गानं ऐका नि पेटीवर जुळवून बघा." शाळेचे संगीतशिक्षक पेटी घेऊन बसले. साडूने तारा सोडल्या, स्पीकर चालू केला.

सूर आला. सभागृहात एकदम शांतता झाली. एवढंही पुष्कळ होतं. पण मी साडूच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याने डोळे मिटले होते ते खाडकन उघडले. संगीतशिक्षकांनी पेटीवर बोट फिरवलं. "ही पांढरी तीन आहे," ते म्हणाले. मग दुसरा सूर. "आणि ही पांढरी पाच."

मुलं हसायला लागली. अध्यक्षांनी माईक ओढून घेतला. "आमच्या सरांच्या साडूभाऊंचे मासे शहापूरची हवा लागल्यावर सूर विसरले म्हणायचे!" मग सगळं सभागृह हसलं. साडू तारा काढून पुसत होता, परत घालत होता, वायर तपासत होता. एकदा त्याने स्वतःचा कान चोळला, करंगळी घालून, आंघोळीनंतर चोळतात तसा.

आता माझी गोष्ट. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर काळी चारवरून पांढरी तीन म्हणजे चार पट्ट्या खाली. पांढरी सातवरून पांढरी पाच म्हणजेही चारच पट्ट्या खाली. पेटीचं एवढं ज्ञान त्यानेच मला दिलं होतं. दोन निरनिराळे मासे, दोघेही अगदी सारखेच खाली उतरलेले. ऐकणारा चुकला असता तर दोन्हीकडे नेमका एवढाच कसा चुकला असता? काहीतरी दोघांवर एकाच वेळी झालं होतं. नववीच्या मुलाने हे विचारलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. बसल्या जागी माझी बोटं पुन्हा गारठली. तेवढ्यात पाहुण्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तुम्ही विज्ञानाचे. तुम्ही सांगा, हे काय झालं?"

माझ्या खांद्यावर शाल होती. पाणी मी बदललं, पाठवलेलं पाणी जास्वंदीला ओतलं, बहुधा त्यामुळेच हे झालं, एवढं म्हणायला पाव मिनिट लागलं असतं. मी म्हणालो, "हौशी माणसाचा कान आहे. चूक होऊ शकते."

टाळ्या पडल्या. काय उमदेपणा, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

दुपारी मी त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. किटली मांडीवर घेऊन तो बाकावर बसला होता. किन्हवलीची गाडी लागली तेव्हा उठता उठता म्हणाला, "सर, पान्यामुळं तर नसंल ना झालं?"

"पाण्याने सूर कसा बदलेल?" मी म्हणालो. "तुझी पेटी गारठ्यात ठेवली तर काळी चार काळी चारच राहील ना?"

"तेबी खरं," तो म्हणाला, आणि गाडीत चढला.

संध्याकाळी मी कपाटातून लेख काढला. शेवटून दुसरा परिच्छेद. माशाच्या विजेचा वेग पाण्याच्या उबेवर अवलंबून असतो. पाणी गार झालं की सूर उतरतो, तापलं की चढतो. आलेख त्याचाच होता. मी तो दोनदा वाचला. तेवढ्यात फोन वाजला. साडू होता. "पोचलो, सर. मावशी सरळगावच्या अलीकडं गेली. ग्रामसेवक हाय." आणि मग, जणू माझंच सांत्वन करायचं होतं अशा आवाजात, "तुमचा सत्कार झ्याक झाला."

लेख माझ्या हातात होता. "दमला असशील," मी म्हणालो. "झोप."

त्यानंतर तो कडू झाला असता, माझ्याशी भांडला असता, तर मला सोपं गेलं असतं. त्याने फक्त स्वतःच्या कानावरचा विश्वास काढून घेतला. मेहुणीकडून मला कळत गेलं. टाकीतल्या तारा त्याने काढल्या. पाण्याची नळी चालूच होती, ग्रामसेवक कोमट पाण्यात पुन्हा पांढरी सातात गातही असेल, पण ऐकायला कुणी नव्हतं. "नुसतं बघतो," तो म्हणायचा. दुकानात पंखा आला तर गुपचूप स्क्रू काढून बघायचा, आधी काही बोलायचा नाही. मंडळात पेटी लावताना शेजारच्या टाळकऱ्याला विचारू लागला, "हा सा बरोबर हाय ना रे?" टाळकरी म्हणायचा, "आमाला काय कळतंय, तुमीच सांगा." वर्षभरात त्याने पेटी मंडळाला दिली आणि मागे बसून टाळ्या वाजवू लागला. मेहुणी एकदा माझ्या बायकोजवळ म्हणाली, "आता माझी पट्टी कुठली, विचारलं तरी सांगत नाय गो. बोलतो, मला काय कळतंय."

मी सांगायला गेलो नाही असं नाही. एका दिवाळीला लेख खिशात घालून मुरबाडला गेलो, तर घर पाहुण्यांनी भरलेलं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली. फोन तर किती केले. "बोला, सर," तो म्हणायचा, आणि मी भाताची झोडणी झाली का, असं विचारायचो. आमचे वाद कधी झालेच नाहीत. आम्ही दोघं फार सभ्य माणसं.

गेल्या साली त्याची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कल्याणला नेत होते. शेवटच्या भेटीत तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, हात काटक्यांसारखे. मेहुणी चहा करायला आत गेली. खोलीत आम्ही दोघंच. मी बायकोला सांगून आलो होतो की आज बोलणार आहे. काय, ते तिने विचारलं नाही. तिला बहुधा ठाऊक होतं. साडूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, एक विचारू? तुमी खरं सांगनारा मानूस, म्हनून विचारतो. माझा कान पयल्यापासनंच असा व्हता, की मागनं गेला? एवढी वर्सं लोकांना सांगत बसलो, ह्याचा पंखा असा, त्याची बायको तशी. सगळं चुकीचंच सांगितलं का काय?"

ही वाट त्यानेच उघडली होती. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "असले विचार करू नयेत. वय झालं की सगळ्यांचंच थोडं होतं."

त्याने मान हलवली. "व्हय," म्हणाला. मेहुणी चहा घेऊन आली. आम्ही पावसापाण्याचं बोललो. अकराव्या दिवशी तो गेला.

तेराव्याला मी मेहुणीला सांगायचा प्रयत्न केला. ती भांडी मोजून देत होती. "भावजी, त्यांचं तुमच्यावर फार व्हतं," ती म्हणाली. "बोलायचे, सरांनी मला पोरांसमोर सांभाळून घेतलं, दुसरा असता तर हसला असता." मी घरी आलो.

म्हणून हे लिहितो आहे. पूर्वी मला वाटायचं, माफी मागायला योग्य वेळ लागते, शब्द जुळवावे लागतात. काही लागत नव्हतं. मला जे म्हणायचं होतं ते किन्हवलीच्या गाडीचं दार लागायच्या आत म्हणून झालं असतं. तुझा कान बरोबर होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होता, पंखे, बायका, मासे, सगळं तू खरं सांगितलंस. पाणी मी बदललं. आणि मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं.